एका द्राक्षमळ्याच्या सव्वीस पिढ्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. द्राक्षासवाची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते एका घराण्याविषयी. आपल्याकडे पेढी तीन पिढ्या टिकली की आपण तिला जुनी म्हणतो. इटलीतील फ्लॉरेन्सच्या अँटिनोरी घराण्यात मद्याचा धंदा सव्वीस पिढ्या चालत आला आहे.

१३८५ साली जिओव्हानी दि पिएरो अँटिनोरी तेथील मद्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे आपल्याकडील महाजनासारख्या संस्थेत, दाखल झाला. १५०६ मध्ये घेतलेला शहरातील वाडा आजही घराण्याकडेच आहे. मधली शतके वेळेअभावी सोडतो.

१९६६ साली पिएरो अँटिनोरी यांनी कारभार हाती घेतला. त्या काळी कियान्ती मद्यात तांबड्या द्राक्षांबरोबर पांढरीही मिसळण्याचा दंडक होता. पिएरोंनी १९७१ च्या हंगामापासून आपल्या तिन्यानेल्लो मळ्याचे मद्य ओकच्या लहान पिंपांत मुरवून कियान्ती या नावाविनाच विकले, आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षे पुरती वगळली. कायद्याच्या लेखी ते सामान्य मद्य ठरले. गिऱ्हाइकाने मात्र त्यास डोक्यावर घेतले! पुढे २००६ पासून खुद्द कियान्ती क्लासिकोतच पांढऱ्या द्राक्षांस मज्जाव झाला.

धंद्यावरील संकट मात्र घरातूनच आले. १९८० नंतरच्या दशकात भावंडांना आपापला वाटा मोकळा करून हवा होता. (हे दुखणे आपल्या परिचयाचे आहे.) ब्रिटनची व्हिटब्रेड कंपनी भागीदार म्हणून आत आली. पिएरोंनी १९९१ साली तो हिस्सा परत विकत घेतला.

पिएरोंना पुत्र नाही. अशा प्रसंगी आपल्याकडे दत्तकाची बोलणी सुरू झाली असती. येथे आल्बिएरा, अलेग्रा व अलेसिया या तिघी कन्यांनी धंदा सांभाळला आणि अध्यक्षपद ज्येष्ठ कन्या आल्बिएरा यांच्याकडे आले. शिवाय पुन्हा वाटण्या होऊन मळे परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून २०१२ साली नव्वद वर्षांचा न्यास करण्यात आला. त्या घराण्याची सव्विसावी पिढी म्हणून गणली जाते ती या कन्यांचीच.

आपल्या वंशावळीच्या ग्रंथात कन्येच्या नावापाशी रेघ थांबते. पुढील आवृत्तीत कन्या, त्यांचे व्यवसाय व त्यांची संतती यांचीही नोंद व्हावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.