गोळी घट्ट, पाय मऊ



अध्यक्षपद दिलेत, आभारी आहे. शाल-श्रीफळ सकाळीच झाले. ब्रॉयलर आहारशास्त्राचा वर्षभराचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे आणि त्यासाठी चिटणीसांनी मला 14 पानांचे टिपण करून दिले. टिपण उत्तम आहे, स्मरणिकेत छापा. मी आज दुसरेच बोलणार आहे, कारण पुन्हा हा माइक हाती येईलसे वाटत नाही.

काल दुपारी फायटेज या एन्झाइमवर वाद रंगला. बुरशीचे बरे की जिवाणूचे, किलोला 500 युनिट पुरे की 1500 हवीत. मागच्या रांगेत बसून मी मनात मोजत होतो, यातल्या कितीजणांनी गेल्या वर्षभरात कंडिशनरशेजारी, म्हणजे गोळी पाडण्याआधी खाद्याला जिथे वाफ देतात तिथे, उभे राहून वाफेचा काटा पाहिला असेल? हात वर करायला सांगत नाही.

मका, सोयापेंड, राइस ब्रान यांतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. कोंबडीला तो आपल्या बळावर फारसा सुटत नाही, फायटेज सोडवून देते. 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये ते बाजारात आले. तिथे विष्ठेतून जमिनीत आणि पाण्यात जाणाऱ्या फॉस्फरसची डोकेदुखी होती, आपल्याकडे डीसीपीच्या (डायकॅल्शियम फॉस्फेटच्या) भावाची. म्हणून आपण लगेच मॅट्रिक्स धरला. म्हणजे एन्झाइम इतका फॉस्फरस सोडवणार, तर टनामागे पाचेक किलो डीसीपी कमी. कागदावर पैसे वाचले.

फायटेज आपल्याकडे नवे होते तेव्हा मीही हेच केले. तिसऱ्या आठवड्यात एका पोल्ट्रीवाल्याचा फोन आला, ‘डॉक्टर, पक्षी उठंना.’ गेलो. अर्धी शेड बसलेली. एक पक्षी उचलून पायाचे हाड वाकवले तर ते मोडलेच नाही, रबरासारखे वळले. मी पाण्याला दोष दिला, व्हिटॅमिन डी लिहून दिले आणि रात्री फीड मिलवर गेलो. कंडिशनरचा थर्मामीटर चार महिन्यांपासून बंद. माझा साधा थर्मामीटर मॅशमध्ये खुपसला, 91 अंश! त्या काळचे बिनलेपाचे फायटेज त्या वाफेत काय टिकणार? ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, थंडीत गोळी नीट बसत नाही. चुरा दिसला की पोती परत येतात. वाफ वाढवावीच लागते.’ तो खोटे बोलत नव्हता. मी मात्र त्या पोल्ट्रीवाल्याला खरे कारण सांगितले नाही. दोन बॅचनंतर त्याने धंदा सोडला. त्या शेडमध्ये आता कांदा भरतात.

माझी तक्रार आहे ती या घट्ट गोळीच्या वेडाबद्दल. गोळी घट्ट हवी म्हणून वाफ वाढवायची आणि त्याच कारणाने हॅमर मिलची चाळणी बारीक करायची. वाफ एन्झाइम मारते. बारीक पिठाने पेषणी आळशी होते, माल सरसर पुढे सरकतो. फायटेजचे बहुतेक काम अन्नपिशवी आणि पेषणीच्या आम्लात चालते. तिथे माल थांबलाच नाही, तर जिवंत राहिलेल्या फायटेजने तरी करायचे काय? मका जरा जाडसर भरडा आणि चार आठवड्यांनी पक्षी कापून पाहा. कलेजी-पेटा विकणाऱ्याच्या हातालाही फरक कळतो.

आता उष्णता सोसणारी एन्झाइम आली, लेप दिलेली आली, गोळी थंड झाल्यावर फवारायचीही आली. मान्य. पण सोसणार किती अंश आणि किती सेकंद, हे पुरवठादाराला विचारले का? फवाऱ्याची नोझल शेवटची कधी साफ केली? साल्मोनेलासाठी तापमान हवेच, असे काल एक तरुण मित्र म्हणाले. हवेच. मग तितक्या तापमानानंतर जे उरते, तेवढाच मॅट्रिक्स धरा. (झायलनेज या दुसऱ्या एन्झाइमचे तर विचारूच नका. गहू-बार्ली खाणाऱ्या कोंबडीचे आकडे आपण मका-सोयावर बिनदिक्कत चिकटवतो.)

या संघटनेने तयार गोळीतले जिवंत एन्झाइम तपासायची काहीतरी सोय करावी. मिश्रणातले नव्हे, गोळीतले. प्रयोगशाळा कुठली, पैसे कोण देणार, नमुने कोण काढणार, हे कार्यकारिणीने बघावे. माझा तेवढा उरक आता राहिलेला नाही. पोत्यावर प्रथिने, तंतू, ओलावा छापतो, तशी एन्झाइमचीही एक ओळ यावी. मसुदा मी करीन असे गेल्या वर्षी म्हणालो होतो. करतो.

जेवण थंड होते आहे. बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक पिशवी ठेवली आहे, तीत थर्मामीटर आहेत. आपापल्या मिलसाठी एकेक घेऊन जा. धातूच्या दांड्याचेच आणले आहेत, खाद्याच्या कारखान्यात काच नको.