थडग्यांची जपणूक



दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ सेंट जेम्स चर्च आहे. ते बांधविणारे कर्नल जेम्स स्किनर हे स्कॉटिश पिता व राजपूत माता यांचे पुत्र. आरंभी त्यांनी शिंद्यांच्या फौजेत चाकरी केली. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाच्या वेळी ते कंपनीकडे आले. १८४१ साली हांसी येथे ते निवर्तले व पुढे याच चर्चमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. चर्चच्या उत्तरेस त्यांच्या कुटुंबियांची थडगी आहेत.

चर्चच्या आवारातील थडग्यांवर निदान कोणाची तरी नजर असते. परंतु वंशज दूर गेले, वाडा विकला गेला, की मळ्याच्या कडेची कौटुंबिक दफनभूमी पोरकी होते. मग पाऊस संगमरवरावरील अक्षरे कणाकणाने विरघळवितो. वालुकाश्मात मुरलेल्या पाण्यातील क्षार पृष्ठभागाखाली स्फटिकरूप धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. लोखंडी आकडे गंजून फुगतात व दगडाला तडा देतात. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरते.

तथापि, सद्हेतूने केलेली हानीही काही थोडी नसते. तारेचा ब्रश व आम्ल यांनी दगड एका दिवसात उजळतो खरा, पण त्याबरोबर लेखही जातो. सिमेंट मऊ दगडाहून कठीण असते व ओल कोंडून ठेवते. म्हणून सांधा शाबूत राहतो आणि दगड फुटतो. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो व दगडाला वाचवितो.

यास्तव जागेच्या मालकाची संमती घेऊन प्रथम नोंद करावी. थडग्यांचा नकाशा काढून त्यांना क्रमांक द्यावेत. आरशाने बाजूने तिरपा प्रकाश पाडला असता पुसट अक्षरे उठून दिसतात; त्या वेळी छायाचित्र घ्यावे. लेख चुकांसह जसाच्या तसा उतरवावा आणि न वाचता येणारी जागा कोरी सोडावी. पडलेला तुकडा कोठे सापडला हे टिपल्यावाचून हलवू नये. पिंपळ ओढून न काढता बुंध्याशी कापावा. बोट फिरविताच रेती सुटत असेल, तर त्या दगडाला पाणीही लावू नये. तो जाणकाराच्या हाती सोपवावा. इतर दगड आधी भिजवून, साध्या पाण्याने व मऊ ब्रशाने, खालून वर धुवावेत.

एखाद्या अर्भकाच्या नावाचे त्या शिळेवाचून दुसरे दप्तरच नसेल. शिळा आपण सर्वकाळ टिकवू शकणार नाही. परंतु आज अर्धा दिवस खर्चून ते नाव वहीत उतरवून घेणे आपल्या हाती आहे. ती वही एखाद्या ग्रंथालयात ठेवावी.