जुन्या मोटारीचा मागचा आंस

जुनी मोटार जपणाऱ्या गृहस्थाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो इंजिनाविषयीं. मग रंग, पितळी दिवे, चामड्याच्या बैठका यांचें कौतुक होतें. खालीं वांकून मागचा आंस, म्हणजे कारागीर ज्याला ‘अॅक्सल’ म्हणतात तो, पाहणारा विरळाच. आज मी बोलणार आहें तें या दुर्लक्षित भागाविषयीं. मी पेशानें शाळामास्तर. गणित शिकविण्यांत आयुष्य गेलें. परंतु दांत्यांचीं चाकें, त्यांचें प्रमाण आणि त्यांवर पडणारा जोर हा विषय गणितापासून फारसा दूर नाहीं. शिवाय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोटारीच्या निमित्तानें मला या विषयाचीं पुस्तकें पुष्कळ चाळावीं लागलीं.

बोलण्याला कांहीं आधार हवा म्हणून फोर्ड कंपनीची ‘टी’ नांवाची मोटार घेऊं. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरीं १९०८ सालीं ती निघाली आणि १९२७ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तेवढ्या अवधींत दीड कोटीवर गाड्या बाहेर पडल्या. संख्या एवढी मोठी असल्यामुळें तिचे सुटे भाग अद्याप मिळतात. कांहीं त्या काळचे, कांहीं आज नव्यानें घडविलेले. तेव्हां अडचण भाग मिळण्याची नाहीं. कोणता भाग बदलावा आणि कोणता राखावा, हें ठरविण्याची आहे.

प्रथम या आंसाची रचना ध्यानांत घेऊं. इंजिन पुढें आणि ओढणारीं चाकें मागें. मधून एक दांडा मागें येतो. त्याच्या टोकास ११ दांत्यांचें लहान चाक असतें. त्याला ‘पिनियन’ म्हणतात. तें ४० दांत्यांच्या मोठ्या चाकाला, ‘क्राउन’ला, काटकोनांत फिरवितें. ४० ला ११ नें भागलें असतां सुमारें ३.६४ येतात, म्हणजे दांडा ३.६४ वेळां फिरेल तेव्हां मागच्या चाकाचा एक फेरा होईल. हें मोठें दांतेचक्र एका पेटीवर घट्ट बसविलेलें असतें. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें व आंतल्याला कमी. बैलगाडीचीं चाकें आंसावर सुटीं फिरतात, म्हणून तिला याची चिंता नसते. मोटारींत दोन्ही चाकांना इंजिनानें ओढावयाचें असल्यामुळें दोघांची वांटणी करून देणारीं लहान दांतेचक्रें त्या पेटींत ठेवावीं लागतात. हीच ‘डिफरन्शियल’ची पेटी.

आतां मुद्द्याकडे येऊं. शंकूच्या आकाराचीं दोन दांतेचक्रें जोरानें एकमेकांस फिरवूं लागलीं कीं तीं एकमेकांना दूरहि लोटतात. लहान चाक जागचें हलूं शकत नाहीं. मोठें चाक पेटीसकट बाजूस सरकूं पाहतें. तें सरकूं नये म्हणून पेटीच्या दोन्ही अंगांस चकत्या घातलेल्या असतात. दोन पोलादी चकत्या आणि त्यांच्यामध्यें एक मऊ धातूची. फोर्डनें ही मधली चकती ‘बॅबिट’ या मिश्रधातूची केली. आयझॅक बॅबिट नांवाच्या अमेरिकन कारागिरानें १८३९ सालीं कथील, अँटिमनी आणि तांबें यांच्या मिश्रणांतून ही धातु काढली. बेअरिंगच्या कामीं ती उत्तम, परंतु दीर्घ काळ दाब आणि ठोके सोसल्यावर ती तडकते आणि शेवटीं तिचे तुकडे होतात. नव्या गाडीला ती पुरेशी होती. शंभर वर्षांनंतर तिच्यावर भरंवसा टाकणें शहाणपणाचें नाहीं.

चकती फुटली तर काय होतें? पेटी बाजूस सरकते, मोठें दांतेचक्र लहानापासून दूर जातें आणि दांत्यांत दांता राहत नाहीं. गाडी पुढें जाणार नाहीं, एवढेंच झालें असतें तर तें सोसतां आलें असतें. पण या गाडीचा पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नसतो. तो पुढें, इंजिनामागच्या गतिपेटींतील ढोलावर असतो. त्याचा रोध मागच्या चाकांपर्यंत पोंचतो तो याच दोन दांतेचक्रांच्या द्वारें. तीं विलग झालीं कीं तो दुवाच तुटतो. या गाडीला पायाखालीं तीन पट्ट्या असतात: एक गतीची, एक मागें जाण्याची, एक ब्रेकची. एरव्हीं अडचणीच्या वेळीं पहिल्या दोहोंनींहि गाडी आवरतां येते. पण त्यांचाहि मार्ग तोच असल्यामुळें तिन्ही एकाच क्षणीं निकामी होतात. उरतो तो हाताचा दांडा. तो मागच्या चाकांतील ब्रेक ओढतो खरा. परंतु १९२५ पर्यंतच्या गाड्यांत ते ढोल अवघे ८ इंचांचे आणि आंतले जोड बिनअस्तराच्या ओतीव लोखंडाचे असत. उभी गाडी धरून ठेवण्यास ते पुरत. धांवती गाडी थांबविण्याची ताकद त्यांत थोडी. घाटाची उतरण म्हणजे काय, हें सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको.

म्हणून या मोटारीच्या जाणत्या मालकांत एक नियम सर्वमान्य झाला आहे: मधल्या बॅबिटच्या चकत्या काढून त्या जागीं कांशाच्या चकत्या घालाव्या. त्या नव्या मिळतात आणि साऱ्या गाडीच्या हिशेबांत त्यांची किंमत नगण्य. खर्च आणि श्रम आहेत ते आंस उतरवून उघडण्याचे. नेमका याचसाठीं मनुष्य तें काम पुढें ढकलतो. चकती बाहेरून दिसत नाहीं. आंतील वंगणांत लोहचुंबक फिरवून कोणी समाधान मानूं नये. बॅबिटचे कण चुंबकाला चिकटतच नाहींत. जुन्या वंगणांत करड्या, मऊ धातूचे कण दिसले तर तो स्पष्ट इशारा समजावा. न दिसले तरी ती खात्री नव्हे.

एकदां आंस उघडल्यावर इतर भागहि नीट तपासावे. दोन बाजूंच्या शाफ्टवर रूळांचीं बेअरिंगें थेट फिरतात. त्यांनीं शाफ्टला चर पाडलेले असतात. नवा शाफ्ट १ पूर्णांक १/१६ इंच, म्हणजे १.०६२५ इंच जाडीचा. डोळ्यांवर विसंबूं नये. मायक्रोमीटर लावून जेथें रूळ फिरतात तेथें आणि जेथें फिरत नाहींत तेथें मोजावें. झीज आपोआप कळते. बाहेरच्या टोकाला शाफ्ट निमुळता असतो. त्यावर चाकाचा हब चावीनें आणि नटानें आवळलेला असतो. नट ढिला राहिला तर हब हलतो, चावीची खांच खराब होते आणि शाफ्ट तेथेंच मोडूं शकतो. शाफ्ट मोडला कीं चाक त्याच्यासह बाहेर पडतें. पिनियन आणि क्राउन बदलावयाचे तर जोडीनें बदलावे. झिजलेल्या चाकाशीं नवें चाक जुळत नाहीं.

भाग शोधतांना साल पाहावें. उत्पादनाच्या अवधींत फोर्डनें आंसाची घडण अनेकदां बदलली. १९२६ च्या नमुन्यापासून मागचे ढोल ११ इंचांचे झाले. ते आधींच्या आंसावर तसेच बसत नाहींत. पेन्सिल्व्हेनियांत हर्शी या गांवीं १९५५ पासून शरद ऋतूंत जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरत आला आहे; तेथें अशा भागांची विक्री आणि अदलाबदल चालते. ‘टी’ मोटारीच्या मालकांचे स्वतंत्र क्लब आहेत आणि दुरुस्तीचीं पुस्तकेंहि आहेत. परंतु बाजार जवळचा असो वा सातासमुद्रांपलीकडचा, ग्राहकानें हातांत माप घेऊनच जावें. जुना भाग ‘तसाच दिसतो’ हें प्रमाण नव्हे.

कांहींजण याच वेळीं ४० आणि ११ च्या जागीं ३९ आणि १३ दांत्यांची जोडी बसवितात. प्रमाण बरोबर ३ येतें. हिशेब करूं. चाकाचा व्यास ३० इंच धरला तर मैलाला सुमारें ६७२ फेरे होतात. ताशीं ३० मैलांच्या वेगास पूर्वीच्या जोडीनें इंजिन मिनिटाला सुमारें १,२२२ वेळां फिरतें. नव्या जोडीनें सुमारें १,००८ वेळां. सपाट रस्त्यावर इंजिनाला आराम मिळतो खरा. परंतु चढावर ओढ कमी पडते आणि उतरणीवर इंजिनाचा आवर ढिला होतो. वेग वाढविण्याचा मोह होण्याआधीं थांबण्याची सोय करावी. मागच्या ढोलांना बाहेरून आवळणारे जादा पट्टे बसवितां येतात. दांतेचक्रें विलग झालीं तरी ते थेट चाकांना धरतात.

येथें जुन्या वस्तूंचा अभिमानी श्रोता विचारील, ‘मग जुनेपणा राहिला कोठें?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडेहि केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें नियम केले. त्यांप्रमाणें पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी होते. मूळ रूप राखावें हें मलाहि मान्य आहे. अंगाचा सांगाडा, इंजिन, दिवे हें सारें जसेंच्या तसें ठेवावें. परंतु कांशाच्या चकतीनें गाडीच्या रूपांत काडीचाहि फरक पडत नाहीं. आपण जपतों तो त्या काळच्या कारागिराचा हेतु. गाडी चालावी आणि थांबावी, हा तो हेतु होता. फुटकी चकती जपून तो साधत नाहीं.

म्हणून श्रोतेहो, आपणांपैकीं कोणी अशी मोटार घेण्यास निघाले, किंवा एखाद्या मित्राच्या अशा मोटारींत मुलाबाळांना बसवूं लागले, तर रंग व दिवे पाहून झाल्यावर मालकाला एवढेंच विचारावें: मागचा आंस शेवटीं कोणी उघडला, कोणत्या सालीं, आणि आंतल्या चकत्या कोणत्या धातूच्या आहेत? उत्तर टिपणासह मिळालें तर खुशाल बसावें. ‘असतील बऱ्याच’ असें उत्तर मिळालें, तर आंस उघडेपर्यंत गाडी सपाटीवर, अंगणांतच शोभेल.