सत्राध्यक्षाची जबाबदारी



परिषदेत एकदाच निबंध वाचून पुन्हा कधीच न आलेले तरुण अभ्यासक आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत. ते का आले नाहीत, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून आज मी विषयातल्या नव्या प्रवाहांवर न बोलता आपल्या वागण्यावर बोलणार आहे.

11 जानेवारी 1935. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, हे मांडले. त्यांच्या कामाची एरवी आपुलकीने चौकशी करणारे सर आर्थर एडिंग्टन लगेच उठले आणि त्यांनी भर सभेत या निष्कर्षाची खिल्ली उडवली. सभागृह हसले. चंद्रशेखर यांना उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एडिंग्टन पुन्हा बोलले. चंद्रशेखर यांनी ‘मला उत्तर देऊ द्या’ अशी चिठ्ठी सत्राध्यक्ष हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवली. रसेल यांना खासगीत एडिंग्टनचे म्हणणे पटत नव्हते. तरी त्यांनी नकार दिला. चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले ते 1983 मध्ये.

एडिंग्टन यांचा मतभेद मला गैर वाटत नाही. निबंधाची चिरफाड व्हायलाच हवी. मला सलते ते रसेल यांचे वागणे. ज्येष्ठाचा मान राखायचा म्हणून त्यांनी धाकट्याचा हक्क बुडवला, आणि हे आपल्याकडे रोज घडते. बीजभाषण तासभर लांबते आणि संशोधक विद्यार्थ्याला ‘वेळेअभावी तीन मिनिटांत आटपा’ असे सांगितले जाते. कुणी ‘पानी’ म्हणाले की मागच्या रांगेत खसखस पिकते. चहाच्या वेळी ‘आडनाव काय, मूळ गाव कुठले’ या चौकशीतून जात काढली जाते. ज्याला विचारले त्याला ते बरोबर कळते. व्यासपीठावर पुरुष ‘डॉक्टर’ असतात, तेवढ्याच शिकलेल्या बाई नुसत्या ‘मॅडम’.

स्त्रिया प्रश्न विचारत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. दहा देशांतल्या सुमारे अडीचशे परिसंवादांचे निरीक्षण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न प्रमाणाने कमी येतात, असे त्यात आढळले. म्हणजे पहिला माइक कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवणेही सत्राध्यक्षाचे काम आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी आणि प्रवासात होणाऱ्या त्रासाबद्दल तर ‘मोठे आहेत, सोडून द्या’ हे वाक्य मला यापुढे ऐकायचे नाही. कामानिमित्त जिथे जावे लागते ते ठिकाणही 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने कामाचे ठिकाण ठरते. विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम आहेत. तक्रार कोणाकडे करायची, त्यांची नावे आणि फोन नंबर नोंदणीच्या टेबलावर लावले आहेत.

या अधिवेशनात प्रत्येक सत्राचे पहिले दोन प्रश्न संशोधक विद्यार्थी विचारतील. निबंधवाचकाच्या उत्तरासाठी राखून ठेवलेली पाच मिनिटे कोणालाही घेता येणार नाहीत, मलाही नाही. सत्राध्यक्षांनी हे आजच्या पहिल्या सत्रापासूनच पाळावे, अशी माझी विनंती आहे.