वेग कोण जुळवतं?

(खारदांडा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



क्लच न दाबता गिअर बदलणं हा आजचा विषय फलकावर लागल्यापासून लोकांचे दोन पक्ष पडले आहेत. मोटारवाले म्हणतात, 'क्लच न दाबता गिअर टाकला तर गिअरबॉक्सचा चुरा होईल.' रिक्षावाले म्हणतात, 'त्यात काय विशेष? वायर तुटली की आम्ही तसेच घरी येतो.' दोघांचंही म्हणणं खरं आहे. ही दोन विधानं एकमेकांना खोटं का पाडत नाहीत, ते आज पाहू.

रिक्षेपासून सुरुवात करतो. मुंबई शहरात रिक्षेला बंदी, ती धावते वांद्र्यापासून इकडे उपनगरात. खार स्टेशनहून दांड्यापर्यंतच्या अरुंद रस्त्यात गर्दी इतकी, की एका गिअरमध्ये फार काळ राहताच येत नाही. जुन्या पद्धतीच्या रिक्षेत क्लचचा लिव्हर आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत असतात. लिव्हर दाबायचा आणि तीच मूठ फिरवायची. दिवसभर हे चाललं की केव्हातरी क्लच वायर तुटतेच. मग चालक काय करतो? उतारू उतरवतो, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये रिक्षा ढकलतो आणि ती पळू लागली की पहिला गिअर टाकतो. एक हिसका बसतो आणि रिक्षा निघते. पुढचा गिअर टाकायचा तर रेस सोडतो, क्षणभर थांबतो आणि मूठ फिरवतो. गॅरेज गाठेपर्यंत हाच प्रकार.

वायर तुटल्यावर इंजिन चाकांपासून सुटतं, असा अनेकांचा समज आहे. घडतं नेमकं उलट. मोटारीत क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर स्प्रिंगच्या जोराने सतत दाबलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब काढून घेतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून अलग होतं. मारुती ८०० सारख्या गाडीत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. ती तुटली की पेडल खाली पडून राहतं आणि स्प्रिंग आपलं काम करतच राहते. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स आता कायमचे जोडलेले. गाडीची ताकद कुठेही गेलेली नाही. गेली आहे ती फक्त दोघांना वेगळं करण्याची सोय.

आता गिअरबॉक्सच्या आत जाऊ. आपल्याला वाटतं, गिअरचा लिव्हर हलवला की दातेरी चाकं सरकून एकमेकांत अडकतात. आजच्या मोटारीत पुढच्या सगळ्या गिअरची चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या दांड्यावर मोकळं फिरत असतं. गिअर टाकणं म्हणजे त्या मोकळ्या चाकाला दांड्याशी कुलूपबंद करणं. हे काम करते एक सरकती कडी, म्हणजे स्लीव्ह. तिच्या आतल्या बाजूला खाचा असतात आणि चाकाच्या कडेला आखूड दाते. कडी सरकून त्या दात्यांवर चढली की गिअर बसला. चढली नाही तर तो आवाज येतो, ज्याने शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे वळून पाहतो.

कडी चढण्यासाठी एकच अट आहे. कडी आणि चाक सारख्या वेगाने फिरत असले पाहिजेत. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर गाडीइतक्या वेगाने धावतो. वेग जुळला की दांडा हाताला आपसूक लागतो, नाही जुळला तर खांदा निखळतो. गिअरबॉक्सचंही तसंच.

हा हिशेब आकड्यांत मांडू. समजा तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.४ आहे आणि चौथ्याचं १. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २,८०० फेरे घेत आहे. गाडीचा वेग तोच ठेवून चौथा टाकायचा असेल, तर इंजिन २,००० फेऱ्यांवर आलं पाहिजे. म्हणून वर जाताना रेस सोडून इंजिन खाली येऊ द्यायचं. उलट चौथ्यातून तिसऱ्यात येताना इंजिन २,००० वरून २,८०० वर न्यायचं, म्हणजे न्यूट्रलमध्ये असताना हलकी रेस द्यायची. वर जाणं सोपं असतं, कारण इंजिन आपोआप मंदावतं. खाली येणं अवघड, कारण तिथे चालकाला नेमका वेग स्वतः निर्माण करावा लागतो.

गिअर बाहेर काढण्याचीही एक वेळ असते. रेस दिलेली असताना दाते एका बाजूने एकमेकांवर रेटलेले असतात. रेस पूर्ण सोडली की चाकंच इंजिनाला ओढू लागतात आणि दाते दुसऱ्या बाजूने रेटले जातात. या दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा येतो, की कोणी कोणाला ढकलत नाही. लिव्हरवर आधीपासून हलका दाब ठेवला असेल, तर त्या क्षणी तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर येतो. जोर लावून तो क्षण लवकर येत नाही.

मग रोज आपण क्लच दाबतो, तो काय करतो? दोन कामं. दात्यांवरचा रेटा काढून टाकतो, आणि इंजिनाचं सगळं ओझं गिअरबॉक्सपासून दूर करतो. पण वेग जुळवण्याचं काम तो करत नाही. ते दुसरं कोणीतरी करतं. मोटारीच्या इतिहासात हे 'कोणीतरी' दोनदा बदललं, आणि आजच्या विषयाचं मर्म मला तिथेच दिसतं.

पहिला मानकरी चालक. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या मोटारींत सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स आला, तेव्हा मदतीला कुठलीही कडी-रिंग नव्हती. चालकाने कानाने वेग ओळखायचा आणि पायाने जुळवायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये वरच्या दोन गिअरना मदत होती (कसली, ते पुढे सांगतो), पहिल्याला नव्हती. १९४७च्या सुमारास महिंद्रांनी याच मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, तेव्हा तोच प्रकार इथे आला. जुन्या ट्रकवाल्यांनी यातूनच डबल क्लचचं तंत्र अंगी बाणवलं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. मधे क्लच सोडायचा, कारण त्याशिवाय इंजिनाचा वाढलेला वेग गिअरबॉक्सच्या आत पोचणार कसा? क्लचशिवाय गिअर टाकणारा माणूस याच तंत्रातून दोन्ही वेळचं पेडल वगळतो. मधली रेस मात्र त्याला वगळता येत नाही.

दुसरी मानकरी पितळी रिंग. १९२८ साली अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांची सिंक्रोमेश रचना कॅडिलॅक गाडीत आली. कडी दात्यांवर चढण्याआधी एक निमुळती रिंग चाकाला घासते आणि घर्षणाने वेग सारखा करते. वेग जुळेपर्यंत ती कडीची वाट अडवून धरते. चालकाच्या कानाचं काम मुठीएवढ्या धातूच्या तुकड्याकडे गेलं. त्यानंतर ड्रायव्हिंग शिकणं सोपं झालं आणि डबल क्लच हळूहळू मागे पडला.

मोटारवाल्यांची भीती कुठून येते, ते आता सांगता येईल. क्लच दाबलेला असताना रिंगेला फक्त गिअरबॉक्सचा आतला दांडा, त्यावरची चाकं आणि क्लच प्लेट एवढ्याचाच वेग बदलायचा असतो. ओझं हलकं असतं, निमिषात काम होतं. क्लच न दाबता गिअर रेटला, तर त्याच रिंगेवर फ्लायव्हीलसकट अख्ख्या इंजिनाला वळवण्याची जबाबदारी येते. ते तिच्या ताकदीबाहेरचं आहे. ती झिजते, आणि एकदा झिजली की क्लच दाबूनही गिअर कुरकुरतो. रिक्षेत अशी रिंगच नसते, फिरणारे भाग लहान आणि हलके असतात आणि वेग जुळवण्याची सवय चालकाच्या हाताला लागलेली असते. म्हणून रिक्षावाला निर्धास्त असतो. मोटार चालवणारा रिंगेच्या भरवशावर गिअर रेटतो आणि बिल भरतो. त्यानेही वेग स्वतः जुळवला, तर रिंगेला जवळजवळ काहीच करावं लागत नाही.

या व्याख्यानाला दर्यावर्दी मंडळीही आली आहेत, त्यांचाही दाखला देतो. दांड्याच्या मासेमारी बोटीत डिझेल इंजिन असतं, पुढे-न्यूट्रल-मागे असा गिअरही असतो, पण पहिला-दुसरा-तिसरा असे गिअर का नसतात? कारण पंखा पाण्यात घसरू शकतो. बोट जागेवर असताना पंखा फिरू लागला तरी इंजिन बंद पडत नाही, फरक पाणी सोसतं. मोटारीचं चाक रस्त्यावर असं घसरू शकत नाही, म्हणून वेगातला फरक गाडीच्या पोटात कुठेतरी सोसावा लागतो. ऑटोमॅटिक मोटारीच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच काम तेल करतं.

तिसरा मानकरी संगणक, रिंगेच्या जोडीला. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत एएमटी आणली. आत गिअरबॉक्स साधाच आहे, क्लचही आहे, फक्त क्लच दाबणारा पाय आणि लिव्हर हलवणारा हात यंत्राचे आहेत. २०२० साली ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये आयएमटी आली. तिथे लिव्हर आपण हलवायचा, क्लचचं पेडलच नाही. लिव्हरमधला सेन्सर हाताचा इरादा ओळखतो आणि क्लच परस्पर सोडवला जातो. जाहिरातीत याला क्लचविना गाडी म्हणतात, पण क्लच कुठेही गेलेला नाही. शेवटी विजेची मोटार. तिची मोटर शून्य वेगापासून जोर देते, म्हणून बहुतेक गाड्यांत एकच प्रमाण पुरतं. जुळवायला दुसरा गिअरच उरला नाही, तेव्हा कुठे हे काम खऱ्या अर्थाने संपलं. तोवर करणारा बदलला, काम तेच राहिलं.

आता व्यवहाराचं बोलू. केबल तुटली आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायची आहे. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, समोर मोकळी जागा आहे याची खात्री करा आणि चावी फिरवा. स्टार्टर गाडीला हिसक्याने पुढे नेईल आणि इंजिन पकडेल. काही नव्या गाड्या क्लच पेडल दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. त्यांतही केबल तुटलेली असली तरी पेडल पायाने दाबून धरा, कारण त्यांचा स्विच पेडलजवळच असतो. पुढे हळू वेगात, कमी फेऱ्यांवर, वरचे गिअर टाका. लिव्हरवर दोन बोटांचा दाब पुरे. चढला नाही तर न्यूट्रलवर या आणि पुन्हा करा. थांबायचं असेल तर गाडी उभी राहण्याआधी गिअर काढून न्यूट्रल करा, नाहीतर इंजिन गचके देत बंद पडेल. दर सिग्नलला स्टार्टरवर गाडी उचलावी लागेल, म्हणून गर्दीच्या वेळी हा उद्योग करू नका. टोइंगचे पैसे सहसा स्टार्टरच्या किमतीपेक्षा कमी असतात.

घाटात तर अजिबात नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात लायसन्सच्या चाचणीसाठी एक अपेक्षा आहे, की उतारावर चालकाला झटकन खालच्या गिअरमध्ये येता आलं पाहिजे. ती अपेक्षा कागदी नाही. बोरघाट उतरताना इंजिनाचा आवर हाच मोठा आधार असतो. क्लचशिवाय गिअर बदलताना मधे न्यूट्रल येतो. पुढचा गिअर चुकला तर तेवढा वेळ गाडी इंजिनाच्या हातातून सुटलेली असते. उतारावर ती दर सेकंदाला वेग घेते, जुळवायचा आकडाही सेकंदाला वाढत जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. कानाने कमावलेलं कौशल्य तिथे कामाला येत नाही.

मग हे शिकायचं कशाला, असा प्रश्न उरतो. रोज वापरण्यासाठी नक्कीच नाही. क्लच दिला आहे, तो दाबा. पण वेग कोण जुळवतं हे ज्याला कळलं, त्याला गाडीची तक्रार वाचता येते. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी करून पाहा. चालत्या गाडीत क्लच पूर्ण दाबून तिसऱ्यातून दुसऱ्यात या. कुरकुर झाली, तर तोच बदल डबल क्लच करून पाहा. आता आवाज गेला, म्हणजे तुम्ही रिंगेचं काम केलंत आणि दुसऱ्या गिअरची रिंग झिजली आहे. ही रिंग सहसा सगळ्यांच्या आधी जाते. मग गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तिथे आवाज आला, तर रिंगेला दोष देऊ नका, क्लच पुरता सुटत नाही असं समजा. पहिल्या दोषात गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दुसरा कधी कधी केबलचा ताण जुळवल्यावरच मिटतो. दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि विकणारा तुम्हाला ते सांगणार नाही.

आता प्रश्न विचारा, रिक्षावाल्यांनी आधी.