पशूंची शुश्रूषा : एक उपेक्षित श्रम

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरात एक प्रश्न वारंवार विचारला गेला. कार्यालयातील किंवा दुकानातील नोकरी सोडून पशूंच्या शुश्रूषेच्या कामात जावे काय? प्रश्न विचारणाऱ्यांत तरुण होते, तशाच तिशी ओलांडलेल्या दोन-तीन भगिनीही होत्या. हा प्रश्न केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा नाही. श्रमाची किंमत समाज कशी ठरवतो, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे काम कोणते, ते पाहू. भेदरलेले जनावर धरून ठेवणे, शिरेतून सलाईन देताना सुई हलू न देणे, भूल दिलेल्या प्राण्याचा श्वास आणि नाडी पाहत राहणे, शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणे, जखमा धुणे, रात्री उठून औषध देणे, ही सारी कामे परिचारकाची. निदान आणि शस्त्रक्रिया पशुवैद्य करतो. पण त्यानंतरची रात्र जनावर कोणाच्या हाती काढते, यावर ते जगणार की नाही हे पुष्कळदा ठरते.

मग या श्रमाला नाव का नाही? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतरांना पशुवैद्यक व्यवसाय करण्यास मनाई केली, आणि ते योग्यच झाले. त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये एक वाट ठेवलेली आहे. पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला, राज्य सरकारच्या आदेशाने आणि नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा किरकोळ सेवा देता येतात. परंतु परिचारक अशी स्वतंत्र श्रेणी त्या कायद्यात नाही. म्हणून शहरांतील दवाखान्यांत हे काम करणारी माणसे बहुधा पाहूनपाहून शिकतात. दहा वर्षांच्या अनुभवानंतरही त्यांच्या हाती दाखवण्याजोगा कागद नसतो, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला पगाराची घासाघीसही करता येत नाही.

इंग्लंडचा इतिहास येथे बोधप्रद आहे. तेथे पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने १९६१ मध्ये या कामाचे रीतसर शिक्षण सुरू केले. पण 'नर्स' हा शब्द माणसांच्या परिचारिकांसाठी राखीव असल्याने, या शिकलेल्या मुलींना 'सहाय्यक' म्हणवून घ्यावे लागले. 'पशुपरिचारिका' हे नाव मिळण्यास १९८४ साल उजाडले. नावासाठी तेवीस वर्षे! नाव ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे या उपेक्षेला आणखी एक पदर आहे. गोठ्यातील शेण काढणे, आजारी म्हशीला पेज पाजणे, व्यायलेल्या गाईजवळ रात्र जागणे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातील स्त्रीच करीत आली. मेलेल्या जनावराची विल्हेवाट जातीने ज्यांच्या माथी मारली, त्यांना तर अस्पृश्य ठरवले गेले. ज्या कामाचा एक भाग फुकटचा आणि दुसरा विटाळाचा मानला गेला, त्याला पेशा म्हणण्यास प्रतिष्ठित समाज कचरतो, यात नवल कसले? महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गुराढोरांची दैना शेतकऱ्याच्या दैन्यापासून वेगळी मानली नाही. ती दृष्टी आपण पुढे न्यावयास हवी.

गरज तर उघड आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील पशुधन त्रेपन्न कोटींहून अधिक भरले. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग महाराष्ट्रात पसरला, तेव्हा लस टोचणारे हात आणि अंगभर गाठी आलेल्या बैलाच्या जखमा रोज धुणारे हात, दोन्ही हवे होते. ज्याचा एकुलता बैल गेला, त्याची पेरणी गेली.

म्हणून या कामात येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे असे की, या, पण प्राण्यांवरील प्रेमाचे भांडवल पुरेसे आहे असे समजू नका. हे काम चावे, लाथा आणि संसर्ग यांचे आहे. गाभडलेल्या गाईला उघड्या हातांनी सोडवणाऱ्याला ब्रुसेलोसिस जडू शकतो, आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. कामावर जाण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. हातमोजे मागून घ्या. क्ष-किरणाच्या खोलीत संरक्षक पोशाखाशिवाय जनावर धरू नका. नोकरी सोडण्यापूर्वी काही आठवडे सुटीच्या दिवशी एखाद्या दवाखान्यात उभे राहून पाहा. पदविकेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे किंवा नाही, याची चौकशी केल्यावाचून शुल्क भरू नका.

मात्र एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. वर्ष-दोन वर्षे कमाईवाचून शिकणे ज्याच्या घरी शिल्लक आहे त्यालाच परवडते. पेशा बदलण्याचे स्वातंत्र्य ही जर फक्त सुस्थितांची चैन राहिली, तर ते स्वातंत्र्य कसले? यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात : प्रशिक्षणकाळात विद्यावेतन, परिचारकांची स्वतंत्र नोंदणी, किमान वेतन, आणि कामावर झालेल्या इजेची भरपाई. पशुवैद्यांनी यात आपल्या अधिकारावर आक्रमण पाहू नये. शिकलेला सहाय्यक भोंदू वैदूची जागा घेतो, पशुवैद्याची नव्हे.

मुक्या जनावराची वेदना बोलत नाही. तिची शुश्रूषा करणारा माणूसही आजवर मुकाच राहिला. जनावराला वाचा देणे आपल्या हाती नाही. या माणसाने संघटित होऊन बोलावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.