पुराणकथांचे धागे मोजताना

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी सूतगिरणीतला कामगार माणूस. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. आज गणितावर बोलणार म्हटल्यावर काही जण गालातल्या गालात हसले. परंतु हे गणित बेरीज-वजाबाकीचं नाही, नात्यांचं आहे.

ऊसतोडीची टोळी घ्या. आपल्या बीड जिल्ह्यात ती कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कागदावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढा. ज्यांची आपसात देवघेव आहे त्यांच्यात रेघ ओढा. कोयत्या-कोयत्यांत, सोयऱ्या-धायऱ्यांत भरपूर रेघा निघतील. पण कारखान्याकडे जाणारी रेघ एकट्या मुकादमातून जाते. त्याचा ठिपका पुसला की टोळी इकडे आणि कारखाना तिकडे. उचल त्याच्याच हातून का येते, ते कागदावरच दिसतं. हेच जाळ्याचं गणित. १७३६ साली ऑयलर नावाच्या गणितज्ञाने सात पुलांचं एक कोडं सोडवताना त्याचा पाया घातला.

२०१२ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या मॅक कॅरन आणि केना या दोन संशोधकांनी हे गणित जुन्या कथांना लावलं. ग्रीकांचं इलियड, इंग्रजांचं बेवुल्फ आणि आयर्लंडचं टॉइन. एकट्या इलियडमधली ७१६ पात्रं त्यांनी मांडली. मैत्रीच्या रेघा वेगळ्या, वैराच्या वेगळ्या. खऱ्या समाजात बहुतेकांच्या ओळखी थोड्या असतात, मोजक्यांच्या फार असतात. इलियडचं जाळं बरंचसं तसंच निघालं. टॉइनमध्ये मात्र सहा पात्रांना इतक्या ओळखी चिकटवलेल्या, की ते जाळं बनावट वाटावं. त्या सहांच्या फिक्या रेघा काढल्या की तेही खऱ्यासारखं दिसू लागतं. यावरून कथा घडली असं सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवा. कथेतला समाज माणसांच्या समाजासारखा आहे की नाही, एवढंच कळतं.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेच्या जवळून एक मोठा गणिती चालून गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद हे पालीचे पंडित, त्यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार चालवला. मुलाने १९६२ साली ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा ग्रंथ लिहिला. त्यांनी ठिपक्यांचं गणित मांडलं नाही, पण पायी हिंडून गावदेवींची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा आणि आपली लेणी यांचा मेळ घातला. देवांची लग्नं म्हणजे त्यांना पुजणाऱ्या माणसांचे गट एकत्र येणं, असा अर्थ त्यांनी लावला. पुराणात देवी महिषासुराला मारते, आणि गावात म्हसोबाचं जोगुबाईशी लग्न लागतं!

मग आपली अंबाजोगाईची योगेश्वरी पाहा. कोकणातून निघाली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं, अशी कथा. कोकण, अंबाजोगाई, परळी असे तीन ठिपके, आणि त्यातली शेवटची रेघ अर्धी राहिलेली. ती का राहिली, कोणते दोन गट जुळता जुळता राहिले, हे आपल्या कॉलेजच्या पोरांनी शोधावं असं मला फार वाटतं.

रामायणातला शंबूकही असाच मांडून पाहा. त्याला आई नाही, भाऊ नाही, गाव नाही. एकच रेघ, तीही तलवारीची. नुसत्या रेघा मोजणारा त्याला क्षुल्लक म्हणून सोडून देईल. मी म्हणतो, ज्याच्या बाकीच्या रेघा कुणी लिहिल्याच नाहीत, त्याच्यापाशी जास्त थांबावं.

आता अवघड गोष्ट. दुसऱ्यांची पुराणं तपासायची आणि आपली झाकून ठेवायची, हे चालणार नाही. पालीत ५४७ जातकं आहेत. प्रत्येकाच्या शेवटी सांगितलेलं असतं, तेव्हाचा अमुक म्हणजे आजचा आनंद, तमुक म्हणजे देवदत्त. बोधिसत्त्व प्रत्येक कथेत. त्याचा ठिपका पुसला तर राजे, माकडं, व्यापारी सगळे सुटे होतात. असं जाळं माणसांच्या वस्तीचं नसतं. लोकांत फिरणाऱ्या कथा मागाहून एका दोऱ्यात ओवल्याची ती खूण आहे. हे ऐकून आपल्या काही वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. पण बाबासाहेबांनीच वाट दाखवली. २९ वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलंच नव्हतं, ही कथा त्यांनी नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. राजपुत्र आणि सारथी एवढ्यांतली गोष्ट संघ, शेतकरी, शेजारी यांच्या रेघांत आली. पाण्यावरून तंटा म्हटल्यावर आपल्याकडे कुणालाही ती पटते.

जातकं टाकून द्या असं मी म्हणत नाही. पोरांना ती गोष्ट म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको. येत्या वर्षावासात दर रविवारी एक जातक वाचावं आणि मुलांनी त्यातल्या पात्रांचे ठिपके मोठ्या कागदावर काढावेत, मैत्रीची रेघ निळी, वैराची लाल. कागद आणि पेन्सिली मी आणतो. भिंत विहाराने द्यावी.